हैतीच्या धर्तीवर उसाची दारू गाळायची तर आधी चरक घ्यावा का?

नको, काकवी विकत घ्या. तुमच्यापैकी एकाचं आजोळ हैतीचं, तिघांना मिळून फ्लोरिडात क्लेरँसारखी (हैतीतली उसाची गावठी दारू) दारू गाळायची आहे, आणि पहिला पैसा चरकावर घालावा की ब्रँडवर, असं विचारलंय. ब्रँडचं नंतर बघा.

‘ताज्या रसाचीच खरी’ हे खूळ आता पुरे झालं. हैतीतल्या साँ-मिशेल गावची साजूस ही क्लेरँ रसाची असते, मान्य. पण तिथल्याच पिन्यों गावची ल रोशे ही क्लेरँ काकवीची आहे, तिला नकली म्हणून दाखवा! रस काढला की काही तासांत जिवाणू त्यातल्या साखरेचा चिकट डेक्स्ट्रान करायला लागतात. काकवी 70 ब्रिक्सच्या (म्हणजे शंभरात सत्तर भाग साखर) वर आटवली की वर्षभर टिकते, हंगाम संपला तरी भट्टी थांबत नाही.

200 लिटर सडव्याला, म्हणजे आंबवायच्या मिश्रणाला, 55 किलो काकवी, मागच्या भट्टीत तळाला उरलेलं आंबट पाणी 50 लिटर, बाकी क्लोरीन नसलेलं पाणी. ब्रिक्स 18च्या आसपास, पीएच साडेचार. काकवी करताना चुना जास्त पडला असेल तर पीएच चढतो आणि नको ते जिवाणू माजतात. करपलेली असेल तर कडवटपणा थेट बाटलीत येतो. आटवताना उसावरचं यीस्ट मरतं, म्हणून विरजण लागतं: दहा लिटर ताजा रस फेसाळेपर्यंत उघडा ठेवून तो घालायचा. तेवढा रस मायामीत क्युबन लोकांच्या ग्वारापोच्या, म्हणजे उसाच्या रसाच्या, दुकानात मिळतो. पाकिटातलं यीस्ट तीन दिवसांत काम उरकतं खरं, पण मग निघते ती साधी पांढरी रम. त्यासाठी हैतीचं नाव कशाला?

तापमान 28 ते 32. छत्तीसच्या वर यीस्ट दमतं, साखर तशीच राहते. साधारण आठवड्याने, हायड्रोमीटर (सडव्यात उरलेली साखर दाखवणारी तरंगती नळी) दोन दिवस हलला नाही की लगेच भट्टीवर चढवा. रेंगाळलात तर व्हिनेगर.

भांडं तांब्याचंच हवं, गंधकाचा वास तेच धरतं. ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिरवतात ते पहिलं अर्धा लिटर ओतून द्या, नेलपॉलिशचा भपका त्यातच असतो. पुढचं लहान बरण्यांत धरून नाकाने निवडा. अल्कोहोल 55 टक्क्यांखाली आलं की वेगळं काढून पुढच्या घाण्यात घाला. हाती लागतात 45 टक्क्यांच्या तीसेक बाटल्या, फार तर पस्तीस.

आणि हो, टीटीबीचा (अमेरिकेचं दारू-तंबाखूचं केंद्रीय खातं) आणि राज्याचा परवाना हातात येईपर्यंत ‘घरी थोडी गाळून बघू’ हा विचारही नको, तो गुन्हा आहे. अर्जातच जागा आणि यंत्रं दाखवावी लागतात, म्हणजे पहिली बाटली विकायच्या कितीतरी आधी भाडं सुरू. फ्लोरिडात गाळलेल्या मालावर ‘क्लेरँ’ छापू नका, रम म्हणा. हैतीचं नातं खरोखर दाखवायचं असेल तर काकवी तिथल्या शेतकऱ्याकडून घ्या. पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते टोळ्यांच्या हातात आहेत, तेव्हा माल उत्तरेकडून, कॅप-हैतियनच्या बंदरातूनच काढायचं बघा. पिन्यों त्याच बाजूला आहे.