पाळणा लांबवायचा असूनही बायका तांबीला नकार का देतात?

करवीर तालुक्यातील एका आशाताईंनी विचारले आहे की, पहिल्या बाळानंतर तांबी (कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायचे गर्भनिरोधक साधन) बसवण्यास बायकांना कसे तयार करावे. माझ्या मते आधी त्यांची भीती पूर्ण ऐकून घ्यावी, कारण ‘तांबी काळजापर्यंत चढते’ असे सासूने किंवा जावेने सांगितलेले असते आणि ते माहितीपत्रकाने पुसले जात नाही. नमुन्याची तांबी हातातच द्यावी. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची ती वस्तू पाहिली की निम्मी धास्ती ओसरते. मात्र पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकते, ओटीपोटात कळाही येऊ शकतात, हे आधीच सांगावे. ते लपवले, तर एकीचा त्रास अख्ख्या गल्लीचा नकार होतो. ‘३८० ए’ प्रकारची तांबी १० वर्षे चालते, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयांत ती मोफत बसवून मिळते. संमती मात्र गरोदरपणातील तपासण्यांच्या वेळीच विचारावी, ऐन कळांत नव्हे, आणि पुढे कोणी काढून मागितली तर कुरकुर न करता काढून मिळेल, याची खात्रीही तेव्हाच द्यावी.