जुन्या वाड्यात मूळ काय आणि नंतर काय बदललं, हे कसं ओळखायचं?
भिंतींआधी लाकूड बघा. वाड्याचा भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो. भिंती पाडल्या-बांधल्या तरी लाकडावरच्या खुणा राहतात. खांबाच्या अंगात रिकामी खाच दिसली, वर रंगाचे चार थर असले तरी, तिथे कधीकाळी तुळई किंवा चौकट बसलेली असणार. खण, म्हणजे खांबांमधली जागा, मधोमध कापणारी, सिमेंटमधल्या जाड विटांची भिंत बहुधा भाऊवाटणीची. छपराचं सोपं आहे: मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे पेशवाईतल्या वाड्यावर ती कौलं नंतरचीच. फक्त एक, पडलेल्या वाड्यांचं सागवान दुसरीकडे सर्रास वापरत. त्यामुळे एकट्या खांबावरची खाच पुरेशी नाही. समोरच्या खांबावर तिची जोडी सापडते का ते पाहा.