ब्रेकचा होज : चाक हलवून बघा

प्रश्न : घरी टू-सीटर बांधतोय. पुढे मारुती ८०० चे कॅलिपर (ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारे) आहेत. त्यांच्यापर्यंत जाणारी लवचिक नळी, म्हणजे होज, किती लांब घ्यावा? (देवगड)

उत्तर : गाडी स्टँडवर, चाक सरळ, आणि सुतळीने मोजलेलं अंतर, बहुतेकांचं इथेच चुकतं. आधी शॉकअबवरची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरची) स्प्रिंग काढा. शॉकअब मात्र जागेवर राहू द्या, कारण चाक किती वरखाली जाणार ते तोच ठरवतो. टायरही चढवा, जो पुढे वापरणार तोच. आता जॅकने चाक पार वर न्या, मग पार खाली सोडा, आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग दोन्हीकडे फुल लॉक फिरवा. या चारही स्थितींत जुन्या होजचा तुकडा धरून बघा. चाक खाली लोंबकळताना ताण सर्वांत जास्त येतो, आणि कोणत्या लॉकला येतो ते कॅलिपर चाकाच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं. तिथेही होज थोडा सैल राहिला पाहिजे. उलट टोकाला तोच होज फुगा काढून टायरला किंवा रिमला घासत नाही ना, हेही बघा. लांबी या दोन्हींच्या मधली. जास्त लांब घेऊन केबल टायने विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) आवळू नका. जिथे आवळाल तिथेच तो रोज वाकेल आणि तिथेच चिरेल. होज चॅसीला जिथे अडकतो त्या ब्रॅकेटची जागा चार बोटं सरकवली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

प्रश्न : नट आवळताना होजला पीळ पडतो. (गुहागर)

उत्तर : आधी कॅलिपरचं टोक आवळा, मग चॅसीच्या ब्रॅकेटचं, शेवटी पाइपचा नट. हा शेवटचा नट फिरवताना दुसऱ्या पान्याने होजचा षटकोन धरून ठेवा. होजवरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे. रेघ नसेल तर खडूने ओढा. बॅन्जो बोल्ट (आतून फ्लुइड जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर नवे घाला, दर वेळी.

प्रश्न : खाऱ्या हवेत स्टीलच्या जाळीचा होज घ्यावा की रबरी? (मालवण)

उत्तर : जाळीचा होज कमी फुगतो, त्यामुळे पेडल घट्ट लागतं. पण उघडी जाळी म्हणजे कानस. ज्याला घासेल ते कापेल, आणि जांभ्याची लाल माती नि मीठ तिच्यात अडकून राहतं. घ्यायचा तर वर प्लास्टिकचं आवरण असलेला आणि टोकंही स्टेनलेसची असलेला घ्या. चांगला रबरी होज मला पुरतो. पावसाळ्याआधी आणि नंतर हाताने वाकवून भेगा बघतो.

मला होजपेक्षा काळजी चॅसीवरच्या कडक पाइपची वाटते. माझ्या एका गाडीत साध्या स्टीलचा पाइप क्लिपखालीच कुजला होता. वरचा रंग शाबूत, आत ओली माती. एका सकाळी अंगणातच पेडल तळाला गेलं. घाटात गेलं असतं तर हे लिहायला मी नसतो. किनाऱ्यावर पाइप कॉपर-निकेलचाच घाला. शुद्ध तांब्याचा नको. तो थरथरून कडक होतो आणि तडकतो.

प्रश्न : ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदललं तर चालेल? (दापोली)

उत्तर : इथे दर वर्षी बदला. डॉट ४ फ्लुइड हवेतली ओल शोषतं, रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा. नवं असताना उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावरचा किमान १५५. ब्रेक तापून फ्लुइड उकळलं की पेडल मऊ पडतं, म्हणून आंबा घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्याच आठवड्यात बदला.

प्रश्न : पेडल सोडलं तरी एक चाक धरून राहतं. (वेंगुर्ले)

उत्तर : होज आतून सुजला असेल आणि फ्लुइड परत जाऊ देत नसेल. चाक धरलेलं असतानाच होजच्या वरच्या टोकाचा पाइपनट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर दाब तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूला. नाही सुटलं, तर तो घट्ट करून कॅलिपरवरचं ब्लीडिंग निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. आता सुटलं की होज गेलाय. दोन्ही बाजूंचे होज एकदमच बदला. निपल उघडूनही चाक हललं नाही, तर कॅलिपरचा पिस्टन जाम आहे.