पांढरं कुठे बसलंय ते आधी बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काश्मीर खोऱ्याचं जानेवारीचं उपग्रहचित्र मिळालं. जेवढं पांढरं तेवढं सगळं हिम, असं तू धरलं आहेस. पीर पंजाल डोंगररांगेच्या माथ्यांवर ते बरोबर आहे. खाली खोऱ्यात ते धुकं असावं अशी मला शंका आहे, आणि ती कशी फेडायची तेवढंच लिहितो.

रंगाच्या नादी लागू नकोस. साध्या चित्रात हिमही पांढरं आणि धुकंही. आधी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चित्रावर टाक. धुकं तळापासून भरत येतं, म्हणून त्याची कड वरच्या बाजूला असते आणि समोरासमोरच्या उतारांवर साधारण एकाच उंचीला थांबते. बाजूच्या नाल्यांत त्याच्या जिभा शिरलेल्या दिसतात. हिमाची कड खालच्या बाजूला, तीही फाटकी: उत्तर उतारावर बरीच खाली उतरलेली, दक्षिण उतारावर उन्हानं वर रेटलेली. शिवाय हिमात डोंगराच्या धारा आणि सावल्या शाबूत असतात; धुक्याचा माथा गुळगुळीत.

काश्मिरात पंचाईत अशी की जानेवारीत तळावरही बर्फ असू शकतो. मग झेलम शोध. नदीची वळणं, वुलर सरोवराचा काठ, श्रीनगरची वस्ती दिसत असेल तर पांढरं जमिनीवर आहे. तुझ्या चित्रात झेलम श्रीनगर सोडल्यावर गायब होते आणि थेट बारामुल्लाजवळ पुन्हा सापडते. मधला तुकडा धुक्याचा. त्याच्याखाली बर्फ आहे की नाही, हे या एका चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. तिथे 'झाकलेलं' असंच लिही.

आता बँड, म्हणजे उपग्रह प्रकाशाचे जे वेगवेगळे पट्टे टिपतो ते. सेंटिनेल-2 उपग्रहाचा तिसरा (560 नॅनोमीटर, हिरवा) आणि अकरावा (1610 नॅनोमीटर) घे. 1.6 मायक्रॉनच्या (म्हणजे 1600 नॅनोमीटरच्या) आसपासचा प्रकाश बर्फाचे मोठे कण शोषून घेतात. धुक्याचे पाण्याचे बारीक थेंब त्यातला बराच परत फेकतात. म्हणून अकराव्या बँडात हिम काळपट, धुकं उजळ. तिसऱ्यातून अकरावा वजा करून दोन्हींच्या बेरजेनं भागलं की एनडीएसआय, म्हणजे हिम ओळखायचा आकडा. समज, किती प्रकाश परत फेकला याचे हिमाचे आकडे 0.80 आणि 0.10 आले, तर उत्तर 0.78. धुक्याचे 0.50 आणि 0.40 आले, तर 0.11. रूढ सीमा 0.4 ची, त्याच्या वर ते हिम.

पण त्या 0.4 ला देव मानू नकोस. देवदारांच्या रानात खाली बर्फ असूनही आकडा पडतो. उलट वुलरचं स्वच्छ पाणी सीमेच्या वर जातं आणि हिम म्हणून मोजलं जातं. तिथे जवळच्या इन्फ्रारेडचा बँड बघ, पाणी त्यात काळं असतं, हिम उजळ. बर्फकणांचे उंच, विरळ ढगही याच सूत्राला फसवतात. त्यांच्यासाठी 1375 नॅनोमीटरचा दहावा बँड आहे, त्यात एरवी उंचावरचे ढगच दिसतात; मात्र लडाखसारख्या उंच कोरड्या मुलखात त्यातून जमीनही डोकावते, तेव्हा जपून.

इतकं करूनही अडलं, तर इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहाची अर्ध्या-अर्ध्या तासाची चित्रं सकाळपासून दुपारपर्यंत ओळीनं लाव. ऊन चढलं की धुकं बहुधा कडांकडून विरत आत सरकतं. हिम दुपारीही जागच्या जागी. माझा तरी भरवसा सूत्रापेक्षा यावर जास्त आहे. तपशील भरड असतो, पण खोऱ्याएवढ्या धुक्याला तेवढा पुरतो.

आणि डोळा तयार करायला काश्मीर कशाला? ग्वाल्हेरला बर्फ पडत नाही. जानेवारीत तिथल्या लश्कर भागात समोरची गच्ची दिसेनाशी होईल, त्या सकाळचं चित्र मिळालं तर उतरवून घे. त्यातल्या धुक्याचे दोन्ही बँडांचे आकडे एका रकान्यात, एप्रिलच्या निरभ्र दिवसातल्या पीर पंजालच्या माथ्याचे दुसऱ्यात मांड. मग तुझ्या चित्रातले श्रीनगर ते बारामुल्ला पट्ट्यातले आकडे तिसऱ्यात भर, आणि तक्ता मला पाठव.

तुझा
काका