फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या शातो मार्गो या मळ्याच्या वाईनच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव का नसतं? ती एकाच द्राक्षाची वाईन असते का?

नाही, ती मिश्रणच असते: बहुतांश कॅबर्ने सोव्हिन्यॉन, थोडी मर्लो आणि अगदी जराशी कॅबर्ने फ्रांक आणि पती व्हर्दो. नाव नसतं कारण बोर्दोत वाईन गावावरून आणि मळ्यावरून ओळखली जाते. नाशिकच्या बाटलीवर ठळक 'शिराझ' दिसतं तशी तिथे रीत नाही. मिश्रणामागचं कारण मात्र शेतीचं आहे. मर्लो आधी पिकते, कॅबर्ने उशिरा. एखाद्या वर्षी सप्टेंबरअखेरच्या पावसाने एकीला झोडपलं तरी दुसरी हाताशी राहते. शिवाय कॅबर्नेचा तुरटपणा वाईनला वर्षानुवर्षं टिकवतो आणि मर्लो तो जरा मऊ करते. मार्गोची खडीची, पाण्याचा निचरा होणारी जमीन कॅबर्नेला मानवते, म्हणून तिचा वाटा अलीकडे बहुतेक वर्षी 80 टक्क्यांच्या वरच असतो. हे प्रमाण मळा स्वतःच दर वर्षीच्या वाईनबरोबर जाहीर करतो, त्यामुळे दुकानदाराच्या सांगण्यावर जायची गरज नाही. पण एका वर्षीचा आकडा दुसऱ्या वर्षाला लावू नका, तो बदलतो. मुख्य वाईनसाठी न निवडलेल्या मालातून 'पाव्हियों रूज' ही दुय्यम वाईन होते.

विकत घेणार असाल तर लेबल नीट वाचा:
- 'शातो मार्गो' म्हणजे बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी करणाऱ्या 1855 च्या यादीत पहिल्या श्रेणीत बसलेला मळा.
- नुसतं 'मार्गो' म्हणजे त्या परिसरातला कुठलाही मळा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.