बिअर गाळली की घातली?

फोंड्याच्या एका तरुणाने विचारलं आहे. त्याने घरी पहिल्यांदाच ऑल-ग्रेन बिअर केली, म्हणजे माल्टचा तयार पाक विकत न आणता थेट सातूच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूपासून सुरुवात केली. कृतीची वही तो मराठीत ठेवतो. पहिल्याच पानावर त्याने लिहिलं, ‘रविवारी घरी बिअर गाळली.’ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्याच्या मामांनी ते वाचलं आणि विचारलं, ‘आनी भाटी खंय तुजी?’ मामांचा काजूचा हंगाम दरवर्षी भाटीपाशीच, म्हणजे दारूच्या भट्टीपाशीच जातो. भाच्याचं म्हणणं असं की मराठीत दारू गाळतात, वर्तमानपत्रंही तसंच छापतात, मग बिअरलाच ते क्रियापद का नको? आणि नको असेल तर काय म्हणायचं?

मामांचं बरोबर आहे. मला हा प्रश्न इतका आवडला की उत्तर जरा सविस्तर देतो.

‘पडणे’चं ‘पाडणे’, ‘मरणे’चं ‘मारणे’, तसं ‘गळणे’चं ‘गाळणे’. म्हणजे मुळात गळायला लावणे. आपण चहा गाळतो, चूर्ण वस्त्रगाळ करतो, घाम गाळतो. दारूच्या बाबतीत हा शब्द कुठून आला ते सत्तरीत एखाद्या भाटीपाशी अर्धा तास बसलं की कळतं. भानात, म्हणजे भाटीवरच्या भांड्यात, आंबलेला निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, उकळत असतो. वाफ नळीतून निघते, पाण्याच्या गारव्याने निवते आणि पलीकडच्या भांड्यात थेंब थेंब गळू लागते. पहिल्या खेपेला मिळतं ते हुर्राक. त्यात निरो मिसळून ते पुन्हा भाटीवर चढवलं की फेणी. बोलणाऱ्या माणसाने तो गळणारा थेंब पाहिला आणि म्हटलं, दारू गाळली. शास्त्राच्या मराठीत याच क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. तिथे नजर वर जाणाऱ्या वाफेवर आहे, बोलीत ती खाली पडणाऱ्या थेंबावर आहे. क्रिया एकच.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. दारू भाटीवर तयार होत नाही. निरो दोन-तीन दिवस आंबतो तेव्हाच ती झालेली असते. भाटी तिला पाण्यातून वेगळी काढते, एवढंच. म्हणून कोकणीत ‘सोरो काडप’ म्हणतात ते मला फार नेमकं वाटतं. जे आत आहे तेच बाहेर काढायचं. बिअरमध्ये हे काढणं नाहीच. जे आंबलं, तेच निवळून बाटलीत जातं आणि तेच आपण पितो. वाफ नाही, थेंब नाही, भान नाही. तेव्हा ‘बिअर गाळली’ असं लिहिलं की मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भट्टी येते, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात नव्हती.

पण ‘गाळणे’ वहीतून पुसूही नका. त्याची खरी जागा चौथ्या-पाचव्या ओळीत आहे. तुम्ही पाच किलो माल्ट भरडलात, 66 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलात, म्हणजे मॅश केलात, आणि मग ते पाणी गाळून घेतलंत. तिथे गाळणं अगदी शब्दशः आहे. ‘भरडलात’ हेही तुम्ही आपसूक बरोबर लिहिलंय. दळलेल्या माल्टचं पीठ गाळताना लगदा होऊन बसतं. भरडलेल्याची टरफलं शाबूत राहतात आणि त्या टरफलांचा थरच गाळणीचं काम करतो. दळणे, भरडणे, कांडणे, सडणे, कुटणे अशी क्रियापदं ज्या भाषेत वेगवेगळी आहेत, तिच्यात हा बारकावा समजवावा लागत नाही.

त्या गाळलेल्या गोड पाण्याला काय म्हणावं, असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. इंग्रजीत त्याला वर्ट म्हणतात. ‘माल्टचा अर्क’ नको, अर्क म्हटलं की पुन्हा भट्टीच आठवते. मी ‘निवळ’ म्हणेन. पेज थोडा वेळ ठेवली की शितं खाली बसतात आणि वर जे पाणी राहतं ती निवळ. लहानपणी ताप आला की आई मला तीच वाटीत द्यायची, मिठाचा खडा घालून. तुम्हीही पहिलं गढूळ पाणी परत माल्टवर ओतलंत आणि स्वच्छ येईपर्यंत थांबलात, म्हणजे ते निवळण्याचीच वाट पाहिलीत. शब्द तयार आहे, फक्त तो पेजेच्या टोपातून इकडे आणायचा. खाली उरला तो चोथा. तो शेजारच्या गाईला घातलात असं लिहिलंय. मग त्याचं आंबोण झालं, तिथे दुसरा शब्द शोधू नका.

आता मुख्य क्रियापद. ‘आंबवणे’ चालेल असं आधी वाटतं, पण त्यात एक अडचण आहे. इंग्रजी ‘फर्मेंट’च्या मुळाशी लॅटिनमधलं उकळणं आहे. त्यांनी बुडबुडे पाहिले. आपण चव घेतली. ‘आंबणे’च्या पोटात आंबटपणा आहे, आणि नेहमीच्या बिअरमध्ये आंबटपणा हा दोष आहे. नको ते जिवाणू शिरले की तो येतो. ‘भात आंबला’ म्हणजे टाकायचा. तसंच ‘बिअर आंबली’ म्हटलं की ऐकणारा हळहळेल. ‘आंबवली’मध्ये हेतू आहे, म्हणून ते सुसह्य आहे, आणि ‘आंबत घातली’ त्याहून बरं. लेख लिहाल तर ‘किण्वन’ वापरा. शब्द चांगला आहे, जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व आहे, आंबण धरायला लावणारा पदार्थ या अर्थाने. पण मामांशी बोलताना कुणी किण्वन म्हणणार नाही.

‘लावणे’? दही लावतो, विरजण लावतो, तर बिअरही लावावी. मी आठवडाभर याच बाजूचा होतो. पण ‘काल बिअर लावली’ म्हटलं की चारातले तीन जण ‘दोन लावल्या’मधलं लावणं समजतात, म्हणजे प्यायली. शब्द दुसऱ्याच कामाला लागून गेलाय.

माझी पसंती ‘घालणे’ला. लोणचं घालतात, सांडगे घालतात, कुरडया घालतात. आपल्याकडे आंब्याची तोरं मिठात घालतात. या सगळ्यांत एक समान धागा आहे. हाताचं काम एका दिवसाचं, आणि उरलेलं काम मिठावर, उन्हावर, दिवसांवर सोपवायचं. मधे झाकण उघडायचं नाही. तुमच्या बिअरचंही हेच आहे. रविवारी सहा तास खपलात, निवळ हॉप (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळलीत, गार केलीत, यीस्ट टाकलंत आणि बरणी ओल्या पंच्यात गुंडाळून पाण्याच्या टबात ठेवलीत, कारण इथल्या उकाड्यात यीस्टला वीस अंशांच्या आसपास ठेवणं सोपं नाही. पुढचं तिचं ती करते. ‘बिअर घातली आहे, महिन्याने या’ हे वाक्य कुणाही घरच्या बाईला न समजावता समजेल. ‘ग्लासात बिअर घातली’ याच्याशी गोंधळ होईल अशी शंका येईल, पण तसा होत नाही. ‘पानात लोणचं घातलं’ आणि ‘यंदा लोणचं घातलं’ यांत आपण कधी अडखळतो का?

‘ऑल-ग्रेन’साठी संस्कृतात एक शब्द पडून आहे. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितलेत, गौडी, पैष्टी आणि माध्वी. गौडी गुळाची. पैष्टी पिष्टाची, म्हणजे धान्याच्या पिठाची. आयुर्वेदाची विभागणी आणखी वेगळी. न उकळता केलं ते आसव, काढा उकळून मग केलं ते अरिष्ट. त्या हिशेबाने तुमची बिअर अरिष्टाच्या पंक्तीला बसते, आसवाच्या नाही. हे मी आनंदासाठी सांगितलं. वहीत ‘निव्वळ धान्याची’ एवढं लिहा, ते पुरे आहे. मॅश, हॉप, यीस्ट हे शब्द तसेच राहू देत. जो जिन्नस बाहेरून येतो तो आपलं नाव घेऊन येतो. पावही असाच आला, आणि गोव्यात तो सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर फुगायला शिकला.

तर पहिलं पान मी असं लिहीन: ‘रविवारी घरी निव्वळ धान्याची बिअर घातली. माल्ट भरडला, तासभर मॅश करून गाळला, निवळ अठरा लिटर निघाली.’ लिटरचा आकडा तुमचा तुम्ही भरा. आणि मामांना दाखवा.