बळी, व्हेडर आणि झारीतले शुक्राचार्य

सोनू,

पाडव्याला आई ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणाली आणि तू विचारलंस, "बाबा, बळीला देवाने पाताळात ढकललं ना? मग आपण व्हिलनचं राज्य मागतोय?" मी "आधी चकली खा" म्हणून वेळ मारून नेली. पण झोंबलं. लहानपणापासून ऐकतोय ते वाक्य, आणि हा प्रश्न तू विचारलास, मी नाही.

तुझ्या डोक्यात 'स्टार वॉर्स'मधला अनाकिन होता, पुढे डार्थ व्हेडर होणारा, माहितेय. गेल्या आठवड्यात २००५ चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ' पाहताना तो जेडाय योद्ध्यांच्या शिकाऊ पोरांसमोर तलवार काढून उभा राहिला आणि तू तोंडावर उशी घेतलीस. नंतर म्हणालास, १९८३ च्या भागात तो सम्राटाला उचलून फेकतो, आपल्या मुलाला, ल्यूकला, वाचवतो, पण त्या पोरांचं काय? त्याने ते फिटतं का? मला नाही वाटत. तरी त्याचा मुखवटा निघतो तेव्हा दरवेळी माझा घसा दाटतो. आता यात काय बरोबर, तूच सांग.

अनाकिन भीतीपोटी घसरला. बायको पद्मे मरेल अशी स्वप्नं पडायची आणि पॅल्पटीनने, म्हणजे त्याच सम्राटाने, नेमकी तीच नस धरली. बळीचं उलटंच. गुरू शुक्राचार्य सांगत होते, हा बटू साधा नाही, तीन पावलांत सगळं नेईल. पाणी सोडून दान पक्कं होऊ नये म्हणून ते झारीच्या तोटीत जाऊन बसले. वामनाने दर्भाची काडी खुपसली, त्यांचा डोळा गेला. (आबा ऑफिसातल्या अडवणाऱ्या साहेबाला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतात ते यावरून.) शब्द दिलाय म्हणून बळीने तिसऱ्या पावलाला डोकं पुढे केलं.

आमच्या अंगणात आजी पाडव्याला शेणाचा बळीराजा करायची. हातभर लांब, पोटावर झेंडू खोचलेले. मी विचारलं होतं, देवाने फसवलं का गं त्याला? ती म्हणाली, "मागायला आला तेव्हा देवसुद्धा बुटका झाला बघ." मग म्हणाली, वाती दे इकडे. आबा वेगळंच सांगायचे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त बळीलाच आपला राजा म्हटलंय, कपटी तो वामन. दोघांचं यावरून कधी जमलं नाही, पण ओवाळून घ्यायला आबा पाटावर बसायचे. पाऊस दडी मारतो तेव्हा पेपरात 'बळीराजा चिंतेत' छापून येतं, ते शेतकऱ्यांबद्दल. म्हणजे आबांबद्दलच.

एक सांगायचं राहिलंच. निघताना मी आबांना म्हणालो होतो, दोन वर्षांत परत येतो. सतरा झाली. कारणं सगळी खरी आहेत, त्यात तूही आहेस. पण ओवाळणीच्या वेळी ते वाक्य आलं की मी ताटाकडे बघत बसतो, हे तू पाहिलं असशील.

पुढच्या वर्षी तुला ते म्हणायचं नसेल तर नको म्हणूस. आई रागावणार नाही, मी सांगेन तिला.

आणि हो, बॅटरीच्या पणतीशेजारी रांगोळीत तू उभा केलेला केप फाटलेला व्हेडर मी उचललेला नाही. आईने त्याच्यापुढे करंजी ठेवलीय. ती खाऊ नकोस, डब्यात आहेत अजून.

बाबा